बहात्तराव्या घरांतील मूलद्रव्य

रसायनाच्या वर्गांत भिंतीवर टांगलेला आवर्तकोष्टकाचा तक्ता आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अनेकांना तो पाठांतराचा जाच वाटतो. पण त्याच तक्त्यानें एका अज्ञात मूलद्रव्याचा ठावठिकाणा कसा सांगितला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनीं १८६९ सालीं मूलद्रव्यें अणुभारांच्या क्रमानें मांडून समानधर्मी द्रव्यें एका गटांत बसविलीं. या साम्याचें कारण पुढें उमगलें. अणूंतील जे इलेक्ट्रॉन दुसऱ्या अणूंशीं संयोग घडवितात, त्यांना संयुजा-इलेक्ट्रॉन म्हणतात. एका गटांत त्यांची संख्या सामान्यतः सारखी असते. सोडियमच्या गटांत एक, मॅग्नेशियमच्या गटांत दोन, कार्बनच्या गटांत चार. झिर्कोनियमच्या गटांतहि चारच.

१९१३ सालीं इंग्लंडच्या मोसले यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें मूलद्रव्यांचे अनुक्रमांक ठरविण्याची रीत दाखविली. दोनच वर्षांनीं, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असतांना, ते गॅलिपोलीच्या रणांगणावर पडले. त्यांच्या मागें एक प्रश्न उरला: बहात्तराव्या घराचा मालक कोण?

पॅरिसच्या उर्बें यांनीं १९११ सालीं दुर्मिळ मृत्तिकांत एक नवें द्रव्य मिळाल्याचें जाहीर केलें होतें. तेंच बहात्तरावें, असा त्यांचा दावा होता. तो खरा असता, तर त्या द्रव्याचे संयुजा-इलेक्ट्रॉन बहुधा तीन ठरले असते. परंतु कोपनहेगनचे नील्स बोर यांचा हिशेब निराळा होता. दुर्मिळ मृत्तिकांमध्यें नवे इलेक्ट्रॉन अणूच्या आंतल्या थरांत भरत जातात आणि एकाहत्तराव्या घरापर्यंत तो थर पूर्ण होतो. मग बहात्तरावें घर झिर्कोनियमच्या खालीं येतें व संयुजा-इलेक्ट्रॉन चार होतात. तेव्हां शोध घ्यावयाचा तो झिर्कोनियमच्या खनिजांत.

बोर यांच्याच संस्थेंत कोस्टर व हेवेसी यांनीं तीं खनिजें क्ष-किरणांनीं तपासलीं आणि नवें मूलद्रव्य तेथेंच सांपडलें. ११ डिसेंबर १९२२ रोजीं स्टॉकहोम येथें दिलेल्या नोबेल व्याख्यानांत बोर यांनीं ही वार्ता सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नांवावरून त्याला हाफ्नियम म्हणूं लागले.

झिर्कोनियम १७८९ पासून ज्ञात होतें. रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचीं खनिजें सव्वाशेंहून अधिक वर्षें हाताळलीं. पण दोघांचे गुणधर्म इतके सारखे, कीं सोबती त्यांना वेगळा काढतां आला नाहीं. तीन कीं चार, एवढ्याशा प्रश्नाचें उत्तर नीट मिळालें, तेव्हां कोठें पाहावयाचें हें कळलें. आपल्या मुलांना हा तक्ता पाठ करावयास लावण्यापूर्वीं ही गोष्ट अवश्य सांगावी.