रोग्याची निद्रा

गेल्या वर्षीं आमच्या एका वृद्ध आप्तांच्या उशाशीं, एका मोठ्या रुग्णालयांत, चार रात्री काढण्याचा प्रसंग आम्हांवर आला. औषधोपचारांत कसूर नव्हती. परंतु तिसऱ्या रात्रीं, पुष्कळ तळमळीनंतर त्यांचा डोळा लागतो न लागतो तोंच, ताप पाहण्यासाठीं त्यांना हलवून जागें करण्यांत आलें. पुढें उजाडेपर्यंत ते छताकडे पाहत पडून राहिले. "मला जरा निजूं द्या रे," एवढेंच ते म्हणाले.

त्या वेळीं आम्हांस फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंची आठवण झाली. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ सालीं, त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या हें शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. परंतु १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकांत गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. त्यांचें म्हणणें असें कीं, पीडा आवाजाच्या मोठेपणानें होतेच असें नाहीं. घराशेजारीं परांची बांधण्याची ठोकठोक रोगी सोसतो. पण दाराबाहेर ओळखीच्या आवाजांत चाललेली कुजबूज त्यास सोसत नाहीं, कारण ती ऐकण्यासाठीं त्याचें मन ताणलें जातें. (दाराआड डॉक्टरांशीं दबक्या आवाजांत बोलण्याची चाल आमच्याकडेही कमी नाहीं!) रेशमी वस्त्रांची सळसळ, किल्ल्यांचा खुळखुळाट, जोड्यांची करकर, सर्वांचा त्यांनीं समाचार घेतला आहे. पहिल्या झोपेंतून उठवलेल्या रोग्यास बहुधा पुन्हा झोप येत नाहीं. तोच कांहीं तास निजल्यावर जागा झाला तर पुन्हा निजूं शकतो. निरोगी मनुष्य दिवसा निजला तर त्याची रात्र जाते. रोग्याचें उलट, तो जितका निजेल तितकी त्यास अधिक झोप येते. म्हणून रोग्याची झोप जाणूनबुजून वा नकळत मोडूं न देणें ही चांगल्या शुश्रूषेची अटच त्यांनीं मानली. आमच्या चरकसंहितेंतही निद्रानाशावर अभ्यंग आणि दूध यांच्या जोडीस मनास रुचणारा ध्वनि व सुखकर शय्या सांगितली आहे.

पुढील काळानें मात्र दुसरी वाट धरली. १८६९ मध्यें बर्लिनच्या ऑस्कर लीब्रायख यांनीं क्लोरल हायड्रेटचा निद्राकारक गुण दाखवला. १९०३ मध्यें एमिल फिशर व योझेफ फॉन मेरिंग यांनीं व्हेरोनल पुढें आणलें. या औषधांनीं पुष्कळांचे हाल वांचले, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. संवय जडून वा मात्रा चुकून कित्येकांचा घातही झाला. पण खरी गोम निराळीच आहे. रोग्यास निजवण्याची सोय हातीं आल्यावर, त्याची झोप कशानें मोडते हें पाहण्याची निकड उरली नाहीं.

१९५३ मध्यें कोपनहेगन येथें ब्यर्न इब्सेन यांनीं अतिदक्षता विभागाचा पाया घातला. त्यानें असंख्य प्राण वांचले. त्याबरोबर रात्रभर जळणारे दिवे, यंत्रांचे इशारे आणि तासातासाची तपासणीही आली. १९९९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें रुग्णकक्षांत रात्रीच्या आवाजासाठीं सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. २०१८ मध्यें अमेरिकेंतील अतिदक्षता-वैद्यांच्या संस्थेनें दिवे व आवाज मंद करणें, कानांत बोळे, डोळ्यांवर पट्टी असे उपाय सुचवले, आणि प्रोपोफोल हें भुलीचें औषध केवळ झोप सुधारण्यासाठीं देऊं नये असा सल्ला दिला. दीडशें वर्षांच्या फेऱ्यानंतर गाडी पुन्हा बाईंच्या दाराशीं आली म्हणावयाची.

चौथ्या रात्रीं पाळीवर आलेल्या परिचारिकेस आम्हीं आदल्या रात्रीची हकीकत सांगितली. तिनें डॉक्टरांस विचारून ताप, नाडी व औषध यांच्या वेळा एका फेरींत आणल्या आणि उशाकडचा दिवा मालवला. आमचे आप्त त्या रात्रीं सलग चार तास निजले.