पूना हॉर्स

भारतीय लष्कराच्या चिलखती दलातील एक जुनी रेजिमेंट. क्रमांकाने १७ हॉर्स. १३ जून १८१७ च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने फौजखर्चासाठी ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला तोडून दिला. त्याच तहान्वये, स्कॉटिश रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या पुढाकाराने पूना ऑक्झिलरी हॉर्स हा रिसाला उभा राहिला. पेशव्याच्या उत्पन्नावर पोसलेले हे घोडेस्वार वर्षाच्या आत पेशव्यावरच चालून गेले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली त्यांचे सुमारे अडीचशे स्वार होते.

रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. शिलेदाराने घोडा, जीन व हत्यार स्वतःचे आणायचे आणि दाणावैरणही पगारातूनच भागवायची. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेला की नुकसान शिलेदाराचे, त्यामुळे जनावराची निगा आपोआप राखली जाई. ही मराठ्यांचीच जुनी रीत कंपनीने उचलली आणि ती शतकभर चालली. पहिल्या महायुद्धात परमुलखात मेलेल्या घोड्यांची भरपाई करणे स्वारांना अशक्य झाले आणि युद्धानंतर पद्धत मोडली. रिसालदार, दफेदार, सवार हे हुद्दे मात्र रणगाड्यांवरही टिकले आहेत.

रेजिमेंटची दुसरी शाखा म्हणजे १८२० मध्ये शिरूर येथे उभारलेली मुंबईची ३ री लाइट कॅव्हलरी. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणातील खुशाब येथे तिने इराणी पायदळाचा चौकोन फोडला. लेफ्टनंट मूरने घोडा थेट संगिनींवर घातला. घोडा जागीच मेला, तलवार मोडली. लेफ्टनंट माल्कमसनने गर्दीतून वाट काढत त्याला आपल्या रिकिबीचा आधार दिला आणि बाहेर आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच लढाईत हाती लागलेल्या इराणी निशाणावरील चांदीचा पंजा हे रेजिमेंटचे मानचिन्ह होय. त्यावर कुराणातील वचन कोरलेले आहे.

दोन्ही शाखा १९२१ मध्ये एकत्र झाल्या. त्यापूर्वी, नोव्हेंबर १९१४ मध्ये, फ्रान्समधील फेस्तुबेर येथे केलेल्या पराक्रमाबद्दल पूना हॉर्सच्या लेफ्टनंट द पास याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटला दोन परमवीर चक्रे मिळाली, दोन्ही मरणोत्तर. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर हे मुंबईत जन्मलेले व पुण्यात शिकलेले. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात फिलोरा येथे जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला; १६ सप्टेंबरला ते कामी आले. मानपत्रानुसार रेजिमेंटने नऊ रणगाडे गमावून शत्रूचे साठ नष्ट केले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत जळता रणगाडा सोडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. वय २१. त्यांनी निकामी केलेल्या रणगाड्यांची संख्या निरनिराळी दिली जाते.

खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगरच्या चिलखती दल केंद्रात जतन केलेला आहे.