लॉजवर अत्याचार झाला तर : हॉटेलची जबाबदारी आणि पीडितेसमोरचे कायदेशीर मार्ग

खारबाव आणि आजूबाजूच्या गावांत महिलांसोबत कायद्याच्या बैठका घेताना एक प्रश्न आमच्यापर्यंत हमखास येतो, पण तो बैठकीत कुणी विचारत नाही. बैठक संपते, चहा होतो, चटया गुंडाळायला घेतल्या की एखादी मावशी जवळ येऊन हळू आवाजात विचारते, "ताई, पोरगी आपल्या पायानं लॉजवर गेली असेल, तर केस उभी राहते का?"

उभी राहते. लॉजचालकालाही उत्तर द्यावे लागू शकते. हे दोन्ही मुद्दे आमच्या समाजातल्या घराघरांत माहीत असायला हवेत, म्हणून हा लेख.

भिवंडीचा पट्टा आता यंत्रमागाइतकाच गोदामांचा आहे. अंजूरफाट्यापासून खारबाव, कामणमार्गे चिंचोटीपर्यंतचा रस्ता असो की नाशिक महामार्ग, कामाच्या शोधात फिरणाऱ्या मुली सगळीकडे आहेत. पॅकिंगचे काम, ऑफिसचे काम, "मोठ्या साहेबांना भेटवतो" म्हणणारा एजंट आणि भेटीची जागा म्हणून एखादे हॉटेल, हे आमिष नवे नाही. गोव्यातल्या एका खटल्यात नेमके हेच घडले होते.

मडगावचा निकाल

मार्च २०२० मधली ही घटना. परदेशात नोकरी लावून देतो, त्यासाठी एजंटला भेटायचे आहे, असे सांगून एका तरुणीला मडगावच्या हॉटेलात नेण्यात आले. खोली दोघांनी मिळून घेतली होती. तिच्या तक्रारीनुसार आत गेल्यावर त्याने जिवे मारण्याची धमकी देऊन बलात्कार केला. तो बाथरूममध्ये गेला तेव्हा ती खोलीतून पळाली, रडत हॉटेलबाहेर आली आणि तिने पोलिसांना कळवले. खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये आरोपीला खटला चालण्याआधीच दोषमुक्त केले. कारण असे की, मुलगी खोली घेताना सोबत होती, म्हणजे तिची संमती होती.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात न्यायमूर्ती भारत देशपांडे यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये हा आदेश रद्द केला. खोलीत जाणे ही एक गोष्ट आणि खोलीत जे घडले त्याला संमती असणे ही वेगळी गोष्ट, दोन्हींची सरमिसळ करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. दोघांनी आधी एकत्र जेवण केले होते, हा मुद्दाही संमती ठरवायला पुरेसा मानला नाही. आरोपी दोषी की निर्दोष हे या निकालाने ठरलेले नाही, ते खटल्यात ठरेल. पण "लॉजवर गेली म्हणजे तयारच होती" हा युक्तिवाद खटला सुरू होण्याआधी तो गुंडाळायला पुरत नाही, हे आता उच्च न्यायालयाने सांगितले आहे.

आणखी एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. ती मुलगी रडत बाहेर आली, घाबरलेली होती, हे हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या जबाबातून पुढे आले आणि न्यायालयाने त्याला वजन दिले. म्हणजे रिसेप्शनवरचा पोरगा, झाडलोट करणारी बाई, दारावरचा वॉचमन हे साक्षीदार असतात. त्यांची नावे फिर्यादीत यायला हवीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीला शब्दांनी, हावभावाने किंवा अन्य प्रकारे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार, असे तिथे म्हटले आहे. शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही. पीडितेचे पूर्वीचे संबंध काढून तिच्या चारित्र्यावर प्रश्न विचारायलाही मनाई आहे. वैद्यकीय तपासणीतली 'टू फिंगर टेस्ट' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली. २०२२ मध्ये ती करणाऱ्याचे वर्तन गैरवर्तन धरले जाईल असेही बजावले.

तरीही बायका गप्प बसतात, याला कारण आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा इथल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून खोल्यांतल्या जोडप्यांना बाहेर काढले होते आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचे कलम त्यांच्यावर लावले होते. बंद खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते, हा प्रश्न तेव्हा साऱ्या राज्याने विचारला. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय खोली घेणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. पण लॉजचे नाव घेतले की आधी आपलीच इज्जत जाईल, ही भीती अशा प्रसंगांनी पक्की होते आणि अत्याचार करणारा त्याच भीतीवर विसंबून असतो.

हॉटेलवाल्याची जबाबदारी कुठे सुरू होते?

आपल्याकडे हॉटेल म्हणजे वडापाव-मिसळीचे दुकान आणि राहायचे ते लॉज. कायद्याला पाटीवर काय लिहिले आहे याच्याशी देणेघेणे नाही. पैसे घेऊन खोली दिली की मुक्कामाला आलेल्या माणसाच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य ठरते.

हॉटेलच्या आवारात गुन्हा घडला म्हणून चालक आपोआप दोषी ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याने किंवा त्याच्या नोकरांनी काय केले, काय करायचे टाळले, ते दाखवावे लागते. दुसऱ्याच माणसाला खोलीची जादा चावी दिली. कडी तुटलेली होती, सांगूनही दुरुस्त केली नाही. आरडाओरड ऐकून कुणी वर गेले नाही. ओळखपत्र न बघता अल्पवयीन मुलीसोबत आलेल्या माणसाला खोली दिली. नोकरानेच अंगावर हात टाकला, आणि त्याच्याविरुद्ध आधीही तक्रारी होत्या. अशा गोष्टींतून निष्काळजीपणा सिद्ध होतो. चालकाने जाणूनबुजून मदत केली असेल तर तो निष्काळजीपणा राहत नाही, गुन्ह्यातला सहभाग किंवा चिथावणी होते आणि त्याचे नाव आरोपींत यायला हवे. खोलीत छुपा कॅमेरा सापडला तर न्याय संहितेचे कलम ७७ लागते.

मूल अडकले असेल, म्हणजे वय १८ च्या आत असेल, तर पोक्सो कायद्याचे कलम १९ प्रत्येकाला बांधील करते : गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा. कलम २० मध्ये तर हॉटेल आणि लॉजच्या कर्मचाऱ्यांचा थेट उल्लेख आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण किंवा वस्तू नजरेस आली तर त्यांनी ती माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे, नोकर दोन असोत की दोनशे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत.

भरपाईच्या बाबतीत सर्वात मोठा आधार आहे तो २८ जानेवारी २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास. फेब्रुवारी १९९८ मध्ये हावडा स्थानकावर आलेल्या एका बांगलादेशी महिलेला रेल्वेच्याच यात्री निवासातल्या खोलीत नेऊन तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. चंद्रिमा दास या कोलकात्याच्या वकील, त्यांनी तिच्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. हे त्या कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक कृत्य आहे, आमचा काय संबंध, असा रेल्वेचा पवित्रा होता. तो फेटाळून न्यायालयाने १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. यात्री निवास चालवणारी यंत्रणा आपल्या नोकरांच्या कृत्याला जबाबदार आहे आणि जगण्याचा हक्क परदेशी नागरिकालाही आहे, हे त्यातून ठरले. शासकीय विश्रामगृह किंवा महामंडळाच्या निवासात असे घडले तर हाच निकाल घेऊन थेट उच्च न्यायालयात जाता येते.

खासगी लॉजविरुद्ध तो रस्ता सहसा मिळत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा ग्राहक आयोग. आणि इथे एक विचित्र तुलना करावीशी वाटते. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात पार्किंगसाठी दिलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चिठ्ठीवर काही छापले म्हणून हॉटेल स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही आणि काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचे. ताब्यात दिलेल्या वस्तूचा कायदा वेगळा, माणसाचा वेगळा, हे आम्हाला मान्य आहे. पण गाडीसाठी जे हॉटेलला विचारले जाते ते बाईसाठी विचारायला आपण का कचरतो? रजिस्टरवर किंवा भिंतीवर "व्यवस्थापन जबाबदार नाही" असे लिहिलेले असते, त्याने घाबरून जाऊ नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार घटनेपासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे करता येते. खोलीचे पैसे दुसऱ्याने भरले असले तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्ती ग्राहकच असते. फौजदारी खटला सुरू असताना हे मार्ग बंद होत नाहीत. हा रस्ता अजून फारसा मळलेला नाही, म्हणून वकील नीट निवडा. महिलांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

लॉजमध्येच काम करणाऱ्या बायकांचे काय, हेही विचारले जाते. त्यांना २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू आहे, छळ गिऱ्हाइकाने केला असला तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. १० पेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांत अर्ज करायचा.

पहिले तीन दिवस

खारबावची अडचण अशी की, एका रस्त्यावर तीन पोलीस यंत्रणा आहेत. भिवंडी शहर ठाणे आयुक्तालयात, तालुक्यातली बरीच गावे ठाणे ग्रामीणकडे, आणि वसईच्या दिशेने कामणला पोहोचलो की मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. "हे आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य म्हणूनच इथे जास्त ऐकू येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. शून्य क्रमांकाने नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. जबाब महिला अधिकारी घेते, प्रत फुकट मिळते. बलात्काराची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षे सक्तमजुरी आहे, हे शांतपणे सांगितले तरी पुष्कळदा पुरते. ११२ किंवा १८१ वर फोन करा, मुलांसाठी १०९८.

फिर्यादीआधी दवाखान्यात गेलात तरी चालते. भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय असो की खासगी दवाखाना, उपचार मोफत आणि लगेच देणे बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर तितकी बरी. आंघोळ झाली, कपडे धुतले, म्हणून केस संपत नाही. पण शक्य असेल तर तेच कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.

आणि सीसीटीव्ही. रेकॉर्डिंगवर काही दिवसांनी नवे रेकॉर्डिंग चढते आणि जुने पुसले जाते, मग न्यायालयही ते परत आणू शकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पोलिसांना लेखी अर्ज द्या : या लॉजच्या, या तारखेच्या, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतच्या चित्रणाचा डीव्हीआर, प्रवेशाचे रजिस्टर, दिलेली ओळखपत्रे, बुकिंगचे मेसेज आणि पैसे भरल्याचा तपशील ताब्यात घ्यावा. पोच घ्या. तशीच नोटीस वकिलामार्फत लॉजला पाठवा. त्यानंतर पुरावा पुसला तर कलम २३८ आहे. चित्रणाची नुसती मोबाईलवर घेतलेली कॉपी पुरत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्के केले.

आपल्या समाजासाठी वेगळे

पीडिता अनुसूचित जातीची आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लावण्याचा आग्रह धरायचा. बौद्धांना हा कायदा लागत नाही, असे सांगणारे आजही भेटतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले आहे. मात्र दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख हवा, नुसते 'बौद्ध' लिहिलेल्या कागदावर अर्ज अडतो. जबाबात जात स्पष्ट सांगा, दाखला नंतर जोडता येतो. २०१६ पासून आरोपीला पीडितेची जात माहीत होती एवढे दाखवणे पुरते. तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, अटकपूर्व जामिनाला कायद्यातच मनाई आहे आणि जामिनाच्या सुनावणीत पीडितेला बाजू मांडण्याचा हक्क आहे.

या कायद्याच्या नियमांनुसार बलात्काराच्या प्रकरणी ५ लाख, सामूहिक बलात्काराच्या प्रकरणी सव्वाआठ लाख रुपये अर्थसहाय्य आहे. अर्धी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव हिस्सा आरोपपत्र गेल्यावर, उरलेला खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर. राज्याच्या मनोधैर्य योजनेत कमाल १० लाखांपर्यंत मदत आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. दोन्हीकडे अर्ज करताना आधी मिळालेली रक्कम लपवू नका, पुढे वसुलीची कटकट होते.

आणि विहाराच्या, मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. निषेधाच्या फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीचे नाव, फोटो, आईवडिलांचे नाव, गल्ली टाकू नका. कलम ७२ खाली तो गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. मोर्चा काढायचा असेल तर आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर तिच्यासोबत रुग्णालयाच्या बाकावर बसायला दोन बायका पाठवा.