पायमोजे आणि नऊवारी

'मोजा' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. वस्तू मात्र मराठी स्त्रीच्या पायांत फार उशिरा आली. विल्यम लीने विलायतेत मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्येच केले होते. वऱ्हाडात घाटावरच्या चिखलीसही थंडी पडते. परंतु कापसाच्या शेतात राबणारीस वर खोचलेले नऊवारी लुगडेच सोयीचे, आणि उघड्या पोटरीचे वैषम्य कोणास नव्हते.

खरी अडचण पडली ती १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना. तेथील थंडी नऊवारीत सोसवेना. पाश्चात्त्य झगा तर त्यांना नकोच होता. अखेर त्यांनी मोज्यांचा नव्हे, नेसणीचा प्रश्न आधी सोडविला. गुजराती वळणाने लुगडे नेसल्यावर घोटे झाकले गेले व आत परकर घालता आला. याच वेषात त्यांचे पुढील शिक्षण झाले. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.