बांगडीपासून भाकरीच्या डब्यापर्यंत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण एकमेकींना काय काय दिलंय? गाळणी, डबी, टोपली. बहुतेक सगळं प्लॅस्टिकचं. त्या धंद्यातल्या एका घराची, 'सेलो'वाल्या राठोड कुटुंबाची गोष्ट आज आम्ही सांगतोय.

१९६७ साली मुंबईत गोरेगावला घिसुलाल राठोड यांनी लहानसा कारखाना काढला. आधी काय बनायचं तिथे? प्लॅस्टिकच्या बांगड्या आणि चपला-बूट. म्हणजे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आपणच! या धंद्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबतात. साचा महाग पडतो, पण एकदा केला की त्यातून हजारो नग निघतात. साचा बदलला की माल बदलतो.

ऐंशीच्या दशकात त्यांचा कॅसरोल आला, आपला भाकरीचा डबा. आत स्टील, बाहेर प्लॅस्टिक आणि मधे घट्ट झालेल्या फेसाचा थर. त्या थरातल्या बारीक बुडबुड्यांतून ऊब लवकर बाहेर जात नाही. (खाली फडकं घालायला विसरू नका, नाहीतर भाकरीला पाणी सुटतं.) त्याआधी शेवटचा माणूस ताटावरून उठेपर्यंत बाई चुलीपुढेच. डब्यामुळे भाकरी आधी थापून ठेवता येऊ लागल्या. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा एकीनं विचारलं, "मग डबा आल्यावर सगळ्यांबरोबर जेवायला कोण कोण बसलं?" चारच हात वर झाले.

पुढे पेनांचा धंदा निघाला. तो २००९ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्यानं फ्रान्सच्या 'बिक' कंपनीकडे गेला. घरगुती वस्तूंची 'सेलो वर्ल्ड' मात्र घरातच राहिली आणि २०२३ साली शेअर बाजारात उतरली. त्या वेळी १,९०० कोटी रुपयांचे शेअर विकले गेले. नवे शेअर काढलेच नव्हते, घरच्यांनी आपल्याकडचे विकले. त्यामुळे पैसा कंपनीच्या तिजोरीत न जाता ज्याच्या-त्याच्या नावावर गेला. आम्ही थबकलो ते पुढे. विकणाऱ्या सहा जणांत घरातल्या तीन बायका होत्या. त्यांच्या नावावर हिस्सा होता, म्हणून त्यांना तो विकता आला.

पुढच्या बैठकीला येताना घरचा सातबारा घेऊन या. कुणाकुणाचं नाव आहे, ते मिळून वाचू.