बिदरचं आकाश: हवा, दम आणि एक जुनी धावपट्टी

निर्णा, मन्नाएखेळ्ळी, चिटगुप्पा या भागातल्या माणसाला विमानाचं अप्रूप नाही. बिदरचा हवाई दलाचा तळ इथून विमानाला काही मिनिटांच्या अंतरावर. शेतात औत धरलेला माणूस मान वर न करता सांगतो, "पोरं शिकायलीत." खरंच पोरं शिकत असतात. पण काय शिकत असतात? दांडा ओढायचा आणि विमान वर न्यायचं, हे त्यातलं सोपं. नव्या वैमानिकाला दोन विषय आधी घोकावे लागतात, एक हवामान आणि दुसरा स्वतःचं शरीर. हे दोन विषय हातात धरून बिदरच्या धावपट्टीचा इतिहास वाचला, तर तो नुसता तारखांचा राहत नाही, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी जागा बघू. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेलं आहे. बहामनी काळातली करेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारे बोगदे, याच जांभ्यात खोदलेले. जांभा पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडतो. उलट पठार उतरून भालकीकडे गेलं की काळी माती सुरू होते. श्रावणात त्या मातीत बैलगाडी रुतते, तर विमानाचं काय घेऊन बसलात! निजाम सरकारनं 1942 साली बिदरला विमानतळ केला, त्यात जिल्ह्याचं ठाणं म्हणून जागा निवडली असेलच. पण पावसाळ्यातही चाक टेकेल अशी जमीन इथं होती, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो. पुढच्या गोष्टीत ते कळेल.

या पठाराची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 2,180 फुटांवर आहे. पण विमानाला नकाशावरची उंची कळत नाही, त्याला हवेची दाटी कळते. हवा तापली की विरळ होते. या उंचीला प्रमाण तापमान साडेदहा अंशांच्या आसपास धरतात; मे महिन्यात दुपारी पारा 40 वर गेला की फरक तीसेक अंशांचा झाला. दर अंशाला सुमारे 120 फूट असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. हिशोब केला तर त्या दुपारी बिदरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान जणू 5,700 फुटांवर उभं असतं. कळसूबाईचं शिखर 5,400 फुटांचं! म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकाच्याही वर. पंखांना धरायला हवा कमी, इंजिनाला श्वास कमी आणि धावपट्टी मात्र तेवढीच.

आता 1948. भारत सरकार आणि निजाम यांच्यातला जैसे थे करार नोव्हेंबर 1947 मध्ये झाला होता. त्याची मुदत चालू असतानाच हैदराबाद संस्थान बाहेरून शस्त्रं आणू लागलं. ती आणणारा माणूस होता सिडनी कॉटन, ऑस्ट्रेलियाचा. लँकास्टर बॉम्बफेकी विमानाची नागरी आवृत्ती म्हणजे लँकास्ट्रियन. अशी चार इंजिनांची विमानं कराचीहून रात्री उडायची आणि बिदर, वरंगल इथं उतरायची. आपल्याकडे रझाकारांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, गोरट्याच्या हत्याकांडाची आठवण बसवकल्याणकडे अजून ताजी आहे. पण या कॉटनबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र हा माणूस विलक्षण वाटतो, आणि तो शस्त्रांमुळे नाही.

पहिल्या महायुद्धात कॉटन ब्रिटनच्या नौदल हवाई सेवेत वैमानिक होता. तेव्हाची विमानं उघडी. दर हजार फुटांना तापमान दोन अंशांनी उतरतं, हे आज पहिल्याच धड्यात शिकवतात. त्या काळचे वैमानिक ते बोटं बधिर होऊन शिकायचे. थंडीनं आखडलेला हात कळ दाबत नाही आणि गारठलेलं डोकं उशिरा निर्णय घेतं. एकदा अचानक उडायचा हुकूम आला तेव्हा कॉटन तेलानं माखलेल्या कामाच्या कपड्यांतच वर गेला. खाली आल्यावर बाकीचे कुडकुडत होते, हा मात्र ठीक. तेलकट कापडातून वारा आत शिरत नव्हता, अंगाची ऊब अंगाशीच राहत होती. त्यावरून 1917 मध्ये त्यानं आत पातळ फर, मध्ये हवा न जाऊ देणारं रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचं कापड असा एकसंध पोशाख शिवून घेतला. तोच 'सिडकॉट', त्याच्याच नावावरून. पुढची कित्येक वर्षं वैमानिकांनी तो वापरला. 1939 मध्ये हाच गडी जर्मनीवरून छुपे फोटो काढत होता. उंचीवर कॅमेऱ्याची भिंगं धुरकट होत, म्हणून केबिनमधली गरम हवा भिंगांवरून जाईल अशी सोय त्यानं केली. थंड काचेवर दव धरतं, एवढंच शास्त्र. आपल्याकडे पहाटे चष्म्यावर धरतं तसं.

म्हणजे हवेचं आणि शरीराचं गणित पक्कं ठाऊक असलेला माणूस आपल्या पठारावर बंदुका उतरवत होता.

कराची ते बिदर सरळ रेषा ओढली तर अंतर साधारण 1,300 किलोमीटर भरतं. रेषा कच्छ-सौराष्ट्रावरून येते, नाशिकच्या उत्तरेला सह्याद्री ओलांडते आणि मराठवाड्यावरून बिदरला पोचते. तीन-साडेतीन तासांचं उड्डाण, तेही रात्री आणि पावसाळ्यात. लँकास्ट्रियनच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. बाहेर जेवढी विरळ हवा तेवढीच आत. ढगांच्या वरून जावं तर प्राणवायूची नळी लावावी लागते. दहा हजार फुटांपलीकडे ती नसेल तर माणूस बेशुद्ध पडायच्या आधी खुशीत येतो. आपलं सगळं उत्तम चाललंय असं त्याला वाटतं, आणि तेच धोक्याचं. खालून जावं तर सह्याद्री. शिवाय डोळ्याचा पडदा प्राणवायूसाठी सगळ्यात अधाशी. पाचेक हजार फुटांपासूनच रात्रीची नजर मंदावायला लागते. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, आणि एक झगझगीत दिवा ते सगळं पुसून टाकतो. पठारावरच्या गावांत तेव्हा वीज नव्हती. रात्री वरून बघणाऱ्याला काळ्या जमिनीवर काळी जमीनच दिसणार.

13 सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली. पुण्याकडून आलेल्या टेम्पेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगलच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले; हवाई वाट बंद करणं हा त्याचा उघड हेतू. मुख्य फौज सोलापूर-नळदुर्ग-हैदराबाद रस्त्यानं आली. हा रस्ता मन्नाएखेळ्ळीवरूनच जातो. 17 तारखेला भारतीय सैन्य बिदरमध्ये शिरलं, त्याच दिवशी निजामानं शरणागती दिली. कॉटनला पुढे लंडनच्या कोर्टानं हवाई वाहतुकीचा कायदा मोडल्याबद्दल दंड केला: 200 पौंड. इतक्या कारभाराला एवढाच दंड! असो.

1963 पासून त्याच धावपट्टीवर हवाई दलाचं प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण सुरू झालं, आणि इथं गोष्ट आपल्या माणसांकडे वळते. पोरं ज्या एचटी-2 विमानावर शिकायची, त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आलेले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेलं हे विमान 5 ऑगस्ट 1951 रोजी पहिल्यांदा उडालं. पुढे किरण हे जेटही त्यांच्याच देखरेखीखाली घडलं, आणि 1996 मध्ये त्या किरणांवर सूर्यकिरण पथक बिदरलाच उभं राहिलं. घाटग्यांचं नाव बिदरमध्ये एखाद्या चौकाला तरी असायला हवं होतं.

नव्या पोराला सर्वांत जास्त फसवतो तो त्याचा स्वतःचा कान. हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेत चक्रात बसून डोळे मिटून बघा. फिरणं एकसारखं चालू राहिलं की थोड्या वेळानं आपण फिरतोय हेच जाणवेनासं होतं, कारण कानातल्या नळ्यांमधलं पाणीही त्याच वेगानं फिरू लागतं. चक्र थांबलं की उलटं फिरल्यासारखं वाटतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाचं नेमकं हेच होतं. क्षितिज दिसत नाही, कान सांगतो विमान सरळ आहे, आणि विमान कलंडत खाली चाललेलं असतं. अशा वेळी शरीराचं ऐकायचं नाही, समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा, एवढी एक गोष्ट अंगवळणी पाडायला कित्येक तास घालवतात.

आणि ढग इथं काही कमी नाहीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर वळीव चढतो तो शेतकऱ्यालाही कळतो: वारा पडतो, उकडतं, मग पश्चिमेकडून ढगाचा ऐरणीसारखा माथा दिसतो. पाऊस यायच्या आधी एकदम गार वारा सुटून धूळ उठते ना, तो ढगातून खाली आपटून चहूबाजूंना पसरलेला वारा. खळ्यावर भुसा उडतो. उतरणाऱ्या विमानाला समोरचा वारा काही क्षणांत पाठीमागचा होतो आणि ते खाली बसतं.

पुढे ही प्राथमिक शाळा बिदरहून हलली आणि 23 फेब्रुवारी 2008 ला हॉक जेट आली. आता प्रश्न वेगळा. पाचपट भाराच्या वळणात 70 किलोचा मुलगा 350 किलोचा होतो. रक्त पायांकडे ओढलं जातं, आधी रंग फिके पडतात, मग नजर कडेनं काळवंडत जाते. मांड्या आणि पोट आवळून, ठरावीक पद्धतीनं श्वास धरून रक्त डोक्याकडे रोखायचं असतं. बंगळूरला हवाई वैद्यकाची संस्था 1957 पासून याच कामात आहे.

वरच्या हवेची एक खूण अलीकडेच आपल्या दारात उतरली. जानेवारी 2025 मध्ये हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं सोडलेला मोठा फुगा यंत्रांसकट हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगीत येऊन पडला. गावकरी आधी घाबरले, मग फोटो काढायला लोटले. हैदराबादहून जलसंगी पश्चिमेला. त्याला इथवर आणणारे वारे जमिनीवर जाणवत नाहीत. आपल्या डोक्यावर वाऱ्यांचे मजले असतात आणि प्रत्येकाची दिशा निराळी असू शकते. फेब्रुवारी 2020 पासून त्याच जुन्या धावपट्टीवर बंगळूरचं प्रवासी विमानही उतरू लागलं. उन्हाळ्यात दुपारी त्यातून उतरताना शेवटची पाच मिनिटं विमान हिसके देतं, ते तापलेल्या जांभ्यावरून वर उठणाऱ्या हवेमुळे.