परसांतलें दुसरें घर



बारामती किंवा इंदापूर तालुक्यांतील एकाद्या शेतकऱ्यास "आपलें घर कोठें?" असें विचारलें, तर पुष्कळदां तोच आपणांस उलट विचारतो, "गांवांतलें कीं वस्तीवरचें?" या साध्या प्रतिप्रश्नांत दीडशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे. पहिलें घर उभें असतांना दुसरें कां बांधावें लागलें, तें कोणासाठीं बांधलें गेलें, आणि त्यांत राहणाऱ्याचा त्यावर हक्क किती, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. घराच्या दर्शनी भागावरून घरमालकाची ऐपत कळते; परंतु त्याचें मन कळावयाचें असेल तर घराच्या मागल्या बाजूस जावें लागतें.

आपल्या जुन्या व्यवहारांत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानीत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पांढरीभोंवतीं बहुधा गांवकूस असे. दिवसा माणसें काळींत राबत आणि दिवेलागणीला पांढरींत परतत. धामधुमीच्या काळांत रात्रीं रानांत एकटें राहणें हें धोक्याचें होतें. अर्थात् कुटुंबें वाढत गेलीं तरी पांढरी त्या मानानें वाढत नसे. आणि ज्यांना गांवकुसाबाहेरच राहण्याची सक्ती होती, त्यांना तर ही पांढरीहि कधीं पुरती आपली वाटली नाहीं. अशा स्थितींत घरांत माणूस वाढला म्हणजे दुसऱ्या छपराला जागा एकच उरे, ती म्हणजे परसदार.

आपल्याकडील घराची घडणहि या गोष्टीला अनुकूल होती. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांमधला हा मुलूख पर्जन्यछायेंतला. कोंकणासारखें उतरतें छप्पर येथें आवश्यक नव्हतें. मातीच्या भिंती, लांकडी खांब, वर तुळया, कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें धाब्याचें घर येथें बांधीत; सोलापूरच्या बाजूस यालाच माळवद म्हणतात. हें घर मोजावयाचें तें खणांनीं. उतरत्या छपराला नवा भाग जोडावयाचा तर सारा मेळ बदलावा लागतो. धाब्याला मात्र दोन खांब पुढें रोवून, वर एक तुळई टाकून, एक खण सहज वाढवितां येतो. म्हणून गोठ्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या भिंतीला टेकून एक-दोन खण चढविणें हें गांवच्या सुताराचें व गवंड्याचें नेहमींचें काम होतें.

मोठ्या वाड्यांची गोष्ट निराळी. बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांचें वैभव होतें. पेशव्यांच्या घराण्याशीं त्यांचा सोयरसंबंध होता. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई ही याच घरांत दिलेली. याच नाईकांच्या आश्रयाला सन १७२९ मध्यें पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत आले आणि सन १७९४ मध्यें निवर्तेपर्यंत बारामतीसच राहिले. मराठी आर्येला जें वैभव प्राप्त झालें, तें अशा आश्रयाच्या सावलींत. थोरामोठ्यांच्या पदरीं आश्रित असणें हें त्या काळीं भूषणच होतें. आश्रिताचा मान मोठा असे. परंतु तो यजमानाच्या मर्जीवर उभा असे, हेंहि तितकेंच खरें.

साध्या घरांतील मागच्या खोलींत मात्र कवि राहत नसे. तेथें कोण राहत असे, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिलेलें असेल. तेथें विधवा आत्या असे. नवऱ्यानें टाकलेली, माहेरीं परत आलेली बहीण असे. थकलेले आजोबा, शिकावयास आलेला भाच्चा, किंवा दोन रुपये भाडें देणारें एकादें बिऱ्हाड असे. या सर्वांमध्यें समान गोष्ट एकच होती. घरांत त्यांना जागा होती, पण घरावर त्यांचा वांटा नव्हता.

याच्या उलट, ज्यांचा वांटा असे त्यांचें वेगळें होणें पायरीपायरीनें घडे. प्रथम चूल वेगळी होई. मग दार वेगळें होई. मग अंगणांत भिंत येई, आणि सर्वांत शेवटीं शेताच्या बांधावर मोजणीचे दगड पडत. पहिल्या पायरीवरच मागें एक खण चढवून दिला, तर पुढच्या तीन पायऱ्या कित्येक वर्षें लांबत. जावाजावांचा अबोला एका भिंतीच्या आडोशानें निवळे, आणि सणाला दोन्ही चुलींचीं माणसें एकाच पंगतीला बसत. तेव्हां परसांतलें दुसरें घर हें फुटीचें चिन्ह होतें असें समजूं नये. पुष्कळदां तें फूट टाळण्याचें साधन होतें.

या रचनेला पहिला मोठा हादरा दिला तो पाण्यानें. सन १८७६ च्या भयंकर दुष्काळांत लोकांना काम मिळावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें खोदकाम सुरू झालें, आणि सन १८८५ च्या सुमारास तो वाहूं लागला. सुमारें शंभर मैलांचा हा पाट पुरंदरमधून बारामती व इंदापूर तालुक्यांत उतरतो. त्याला पाणी पुरविणाऱ्या भाटघरच्या जुन्या धरणाच्या जागीं पुढें सन १९२८ पर्यंत नवें, मोठें धरण उभें राहिलें. ज्वारी-बाजरीच्या कोरड्या रानांत ऊस डोलूं लागला, बारामतीची गुळाची पेठ नांवारूपास आली, आणि सन १९१४ मध्यें दौंड-बारामती हा अरुंद रुळांचा लोहमार्गहि सुरू झाला.

पण ऊस हें पीक धन्याला घरीं झोंपूं देत नाहीं. पाटाचें पाणी पाळीनें मिळतें, आणि पाळी पाटकऱ्याच्या वहीप्रमाणें येते. ती मध्यरात्रीं आली तर मध्यरात्रीं उठून दारें धरावीं लागतात. गुऱ्हाळ लागलें म्हणजे चुलवाणाचा जाळ दिवसरात्र विझवून चालत नाहीं. बैल, खत, औतें सारीं रानांतच हवींत. मग प्रथम पाचटाचें खोपट झालें, खोपटाचें पत्र्याचें छप्पर झालें, छपराचें पक्कें घर झालें, आणि त्या घराला घराण्याच्या नांवानें अमक्याची वस्ती असें नांव पडलें. सासवडकडील माळी बागाइतदारांनींहि पाटाच्या कडेनें येऊन खंडानें जमिनी घेतल्या व तेथेंच मुक्काम केला. त्यांपैकीं कित्येकांनीं पुढें सन १९३२ मध्यें सोलापूर जिल्ह्यांत माळीनगरचा साखर कारखाना उभारला. इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलें तेंहि याच दशकांत. दोन पिढ्यांत पांढरीची माणसें काळींत राहावयास गेलीं.

कायद्यानेंहि या स्थलांतराला वाट दिली. सन १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याप्रमाणें शेतीच्या जमिनीचा उपयोग दुसऱ्या कामाकडे करावयाचा तर सरकारची परवानगी लागे. परंतु शेतीसाठीं लागणारी इमारत, विहीर वगैरे बांधण्यास खातेदारास मोकळीक होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सन १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला. त्यांत शेतघराची व्याख्या करतांना औतें, वैरण, धान्य आणि गुरें यांच्याबरोबरच खातेदाराचें कुटुंब, त्याचे नोकर किंवा कुळें यांचें राहणेंहि गणलें आहे. आतां या वाक्याकडे जरा लक्ष द्यावें. शेतघरांत कोणी राहावें हें कायदा सांगतो. पण तेथें राहणाऱ्या नोकराचा किंवा घरांतील बाईचा त्यावर हक्क काय, तें या व्याख्येंत येत नाहीं. तें शोधण्यासाठीं दुसरे कायदे चाळावे लागतात.

कुळांच्या बाबतींत सन १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यानें एक चांगली गोष्ट केली. मालकाच्या जागेंत कुळानें स्वतःच्या खर्चानें राहतें घर बांधलें असेल, तर त्यांतून त्याला सहसा बाहेर काढतां येऊं नये, आणि ती जागा विकावयाची झाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क कुळाचा, असें त्यानें ठरविलें. सालगड्याला मात्र जी खोली मिळते ती सालाबरोबर मिळते आणि सालाबरोबर सुटते. ऊस तोडावयास दरवर्षीं बीड-नगरकडून येणारीं कुटुंबें तर कोपींत राहतात. हंगाम सरला कीं कोपी मोडते. ज्या उसानें एका कुटुंबाला दुसरें घर दिलें, त्याच उसानें दुसऱ्या कुटुंबाला वर्षाचे कित्येक महिने पहिल्या घरापासूनहि दूर ठेवलें.

घरांतील स्त्रियांचा हक्क याहून हळू चालत आला. जुन्या मिताक्षरा धर्मशास्त्राप्रमाणें एकत्र कुटुंबांतील विधवेला पोटगी व राहण्यास जागा मिळे, वांटा मिळत नसे. सन १९३७ च्या कायद्यानें तिला मर्यादित हक्क दिला. सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें स्त्रीला वारसा व पूर्ण मालकी दिली खरी. पण त्यांतच तेविसावें कलम असें होतें कीं, राहत्या घराची वांटणी पुरुष वारसांनीं करावयाचें ठरविल्याखेरीज स्त्री-वारसाला ती मागतां येऊं नये. मुलीला तेथें राहण्याचा हक्क होता, तोहि ती अविवाहित, परित्यक्ता, नवऱ्यापासून विभक्त किंवा विधवा असेल तरच. म्हणजे परसांतली खोली आतां कायद्याच्या पुस्तकांतहि आली! सन १९९४ मध्यें महाराष्ट्रानें मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केलें, आणि सन २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें तेविसावें कलमच काढून टाकलें. कायद्याचें दार पुरतें उघडण्यास अशीं जवळजवळ सत्तर वर्षें लागलीं.

इकडे घरांची अदलाबदल होत राहिली. मुलेंसुना वस्तीवर राहूं लागलीं आणि गांवांतल्या जुन्या घरांत म्हातारीं माणसें उरलीं. जें पहिलें घर होतें तेंच आतां दुसरें झालें! इंदापूर तालुक्याच्या भीमाकांठच्या गांवांना तर हा पर्यायहि राहिला नाहीं. सन १९८० मध्यें उजनीचें धरण पूर्ण झालें आणि जुनी पांढरी पाण्याखालीं गेली. उन्हाळ्यांत जलाशय आटला म्हणजे जुन्या पळसदेवाचें मंदिर आजहि वर दिसतें. देऊळ दगडाचें म्हणून टिकलें. मातीच्या घरांचे खण मात्र मातीला मिळाले. नव्या गांवठाणांत मोजून दिलेल्या जागेंत एक घर बसलें, परंतु भाऊ वाढला म्हणजे एक खण चढविण्याची सोय तेथें पूर्वींसारखी राहिली नाहीं.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें नाहीं. जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखांत शेतकरी बाप शेत मुलाच्या स्वाधीन करतांना लेखी करार करून घेई. आपणांस राहण्यास निराळें घर किंवा खोल्या, वर्षाला अमुक धान्य, अमुक जळण, अमुक दूध, अशी त्यांत तपशीलवार नोंद असे. इंग्लंडांतील मोठ्या जहागिरींवर धन्याच्या विधवेसाठीं वेगळें घर राखून ठेवीत. बापलेकांत कागद कशाला, असें आपल्याला वाटतें. पण कागद हा अविश्वासासाठींच करतात असें नाहीं. प्रेम करणारीं माणसें निघून गेल्यावर त्यांचा शब्द कोणीतरी सांभाळावा, म्हणूनहि तो करतात.

आपल्या पांढरीला तर पुष्कळ काळ कागदच नव्हता. शेताला सात-बारा होता. पण लहान गांवांच्या गांवठाणांतील घरांची वेगवेगळी मोजणी झालेली नसे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या वहींत कर भरणाऱ्याचें नांव असे. मागच्या खोलींत जन्म काढणारीचें कोठेंच नसे. सन २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेनें गांवठाणांची मोजणी ड्रोन विमानांनीं करून घरांच्या मिळकतपत्रिका देण्याचें काम हातीं घेतलें. आकाशांतून छप्पर दिसतें, भिंत दिसते, परसहि दिसतें. छपराखालीं कोण आहे आणि तें कोणाच्या आधारावर आहे, हें मात्र घरच्या माणसांनींच सांगावें लागतें.

म्हणून ज्यांच्या मनांत परसदारीं दोन खण वाढविण्याचें किंवा रानांत घर बांधण्याचें असेल, त्यांना या इतिहासांतून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. दगड, विटा आणि परवानगी यांची चौकशी आपण कराल तशी आणखी एक चौकशी करावी. या दुसऱ्या घरांत जो राहणार, त्याचें पाऊल तेथें मर्जीनें राहणार आहे कीं हक्कानें? आई, बहीण, भाऊ किंवा वर्षानुवर्षें राबलेला गडी, ज्याच्यासाठीं तें बांधावयाचें त्याचा हक्क आपण हयात असतांनाच लेखी नोंदवून ठेवावा. भिंत एका महिन्यांत उभी राहते. हा कागद एका दिवसांत होतो, आणि पुढील काळांत त्या भिंतीला आधार असतो तो त्याचाच.